दुकानदारासाठी पिग्मी ठेव: तीन हंगामांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजाराजवळ माझे पत्र्याच्या कूलरचे छोटे दुकान आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून नवतपा संपेपर्यंत आम्हाला दुपारी डबा उघडायला फुरसत मिळत नाही, आणि मृगाचा पाऊस पडला की धान्याच्या कोठ्या, पत्र्याच्या पेट्या आणि मोटारींचे वाइंडिंग एवढेच काम उरते. चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढायचे आणि पुढच्या हंगामाचा माल मात्र जानेवारीतच भरायचा, असे हे गणित आहे. वर्षाची बेरीज मांडली तर पैसा पुरेसा दिसतो, पण जानेवारीत गल्ला रिकामा असतो. नागपुरात माझ्यासारखे अनेकजण कर्जात शिरतात ते याच महिन्यात.

जानेवारी २०२३ मध्ये मी आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत दैनिक ठेवीचे खाते उघडले. पतसंस्थेच्या कागदावर तिला ‘दैनिक बचत ठेव’ म्हणतात, बाजारात तिला कोणी पिग्मी म्हणते, कोणी नुसतेच ‘डेली’. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच सेवा शहरातल्या कितीतरी पतसंस्था आणि सहकारी बँका देतात, आणि मला एका शाखेविषयी नव्हे, या सेवेविषयी लिहायचे आहे. तीन हंगाम आणि तीन पावसाळे वापरल्यानंतर तिच्यात काय मिळते, काय मिळत नाही आणि कुठे जपावे लागते, हे मला आता खात्रीने सांगता येते.

सेवेचे स्वरूप साधे आहे. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ताई स्कूटीवरून येतात. पतसंस्थेच्या भाषेत त्या ‘अभिकर्ता’ आहेत. आमच्या ओळीतले सगळे दुकानदार त्यांना डेलीवाल्या ताई म्हणतात. त्या हातातल्या यंत्रात माझा खाते क्रमांक टाकतात, मी त्या दिवशी जी रक्कम देईन ती भरतात आणि लहानशी छापील पावती फाडून देतात. किमान रक्कम ५० रुपये आहे, कमाल मर्यादा मला आजवर लागलेली नाही. मुदत बारा महिन्यांची असून मुदत पूर्ण झाल्यावर ४ टक्के दराने व्याज मिळते. सहा महिन्यांच्या आत पैसे काढले तर व्याज तर नाहीच, उलट जमा रकमेतून ३ टक्के कापले जातात. सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान काढले तर पूर्ण मुद्दल आणि २ टक्के व्याज मिळते. इतर संस्थांचे आकडे वेगळे असतील, म्हणून खाते उघडण्यापूर्वी हे तीन आकडे छापील नियमपत्रावर पाहून घ्यावेत आणि तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

ही पद्धत जुनी आणि कसाला उतरलेली आहे. उडुपीला १९२५ साली विणकरांना भांडवल मिळावे म्हणून जी बँक निघाली आणि पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखली गेली, तिने १९२८ मध्ये घरोघरी माणूस पाठवून रोज दोन आणे गोळा करण्याची पिग्मी योजना सुरू केली. ती बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, पण तिने घालून दिलेला परिपाठ सहकारी संस्थांनी उचलला आणि तो आजही नागपुरात इतवारीच्या घाऊक बाजारापासून सक्करदऱ्यापर्यंत रोज संध्याकाळी चालू असतो. ज्याची कमाई रोजची आहे त्याची बचतही रोजचीच असली पाहिजे, हे त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. महिन्याच्या शेवटी उरेल ते बाजूला टाकू, असे मी पंधरा वर्षे म्हणत आलो आणि त्या पंधरा वर्षांत एकदाही काही उरले नाही.

आवर्ती ठेवीपेक्षा मला पिग्मी बरी वाटली ती एकाच कारणाने. आवर्ती ठेवीत दर महिन्याचा हप्ता ठरलेला असतो; ऑगस्टमध्ये तो भरता आला नाही तर दंड लागतो, आणि एप्रिलमध्ये जास्त भरायची इच्छा असली तरी सोय नसते. पिग्मीत मी हंगामात रोज १,५०० रुपये टाकतो आणि इतर दिवसांत २००. जानेवारी-फेब्रुवारीचे साधारण ५० दिवस धरले तर १०,००० रुपये, मार्च ते जून या काळातल्या १०० दिवसांचे १,५०,००० आणि जुलै ते डिसेंबरच्या १५० दिवसांचे ३०,००० असे वर्षाला १,९०,००० रुपये जमतात. यातली बहुतेक रक्कम सहा महिने तशीच पडून राहते, त्यामुळे ४ टक्क्यांनी व्याज सुमारे साडेचार हजार रुपये येते.

एवढ्या रकमेवर साडेचार हजार हे व्याज कमी आहे यात शंका नाही, आणि माझ्या ओळखीच्या अनेक दुकानदारांनी याच कारणाने पिग्मी बंद केली. त्यांनी हिशेब अर्धाच केला असे मला प्रामाणिकपणे वाटते. पिग्मीचा खरा परतावा पतसंस्थेच्या पासबुकात दिसत नाही. तो मालाच्या बिलात दिसतो.

माझेच बिल पाहा. इतवारीच्या ज्या व्यापाऱ्याकडून मी कूलरच्या मोटारी घेतो, तो दोन महिन्यांच्या उधारीवर एक मोटर १,५४० रुपयांना लावत असे. तीच मोटर रोखीने १,४५० रुपयांना मिळते, हे मला कित्येक वर्षे ठाऊकही नव्हते, कारण रोखीचा भाव विचारण्याची वेळच कधी आली नव्हती. उधारीला व्याज नसते असे आपण समजतो, व्यापारीही तोंडाने व्याजाचे नाव काढत नाही. पण १,४५० रुपयांवर दोन महिन्यांसाठी ९० रुपये म्हणजे महिन्याला शेकडा तीनपेक्षा थोडे जास्तच झाले. सावकार याच दराने पैसे देतो तेव्हा आपण त्याला लुटारू म्हणतो, आणि व्यापारी तोच दर मालाच्या किमतीत मिसळून घेतो तेव्हा त्याचे उपकार मानतो. १२० मोटारींमागे मी दर हंगामात १०,८०० रुपये असेच देत आलो. पत्रा, पाण्याचे पंप, जाळी आणि वुडवूलच्या गाठी यांच्या भावातला फरक वेगळाच.

जानेवारी २०२४ मध्ये पहिले कार्ड, म्हणजे पहिल्या वर्षाचे पिग्मी खाते, पूर्ण झाले तेव्हा ती रक्कम घेऊन मी इतवारीला गेलो. व्यापाऱ्याने नेहमीप्रमाणे खतावणी उघडून माझे पान काढले. मी रोख देणार आहे म्हटल्यावर त्याने ते पान मिटले, दुसरी भावयादी काढली आणि नोकराला नव्या खोक्यातल्या मोटारी आणायला सांगितले. उधारीच्या गिऱ्हाइकाला मागच्या वर्षीचा उरलेला माल आधी दाखवला जातो, हे मला त्या दिवशी कळले. मोटर परत करायची झाली तर रोखीचे गिऱ्हाईक ताठ मानेने परत करते. ज्याची थकबाकी आहे तो जळालेली मोटरही गपचूप वाइंडिंगला टाकतो. मी ते अनेकदा केले आहे. या गोष्टींचे रुपयांत मोल करता येत नाही, पण सेवेचा अभिप्राय लिहिताना त्या वगळणे मला योग्य वाटत नाही.

आता तक्रारी सांगतो, कारण त्या गंभीर आहेत.

दुसऱ्या हंगामात एप्रिल महिन्यात ताईंच्या यंत्रातला पावती छापणारा भाग बिघडला. नऊ दिवस त्या वहीत नोंद करून रक्कम नेत होत्या आणि मोबाइलवर संदेश येईल असे सांगत होत्या. हंगामाच्या गर्दीत मी संदेश तपासले नाहीत. महिनाअखेरीस पासबुक भरून घेतले तेव्हा दोन दिवसांचे मिळून ३,००० रुपये जमा नव्हते. ताईंनी पैसे खाल्ले नव्हते. माझ्याच आडनावाच्या दुसऱ्या खातेदाराच्या क्रमांकावर ती रक्कम चढली होती. परंतु ही चूक दुरुस्त करून घेण्यासाठी मला भर उन्हात चार फेऱ्या आणि तीन आठवडे लागले. शाखेत तक्रारवही नव्हती, अर्ज घेतल्याची पोच द्यायला कारकून तयार नव्हता आणि व्यवस्थापक प्रत्येक वेळी ‘ताईंनाच विचारा’ असे सांगत होते. लोकांची रोजची मिळकत गोळा करणाऱ्या संस्थेकडे चूक सुधारण्याची सरळ वाट नसावी, ही मला या सेवेतली सर्वांत मोठी उणीव वाटते. तेव्हापासून मी दुकानातल्या दिनदर्शिकेच्या चौकोनात त्या दिवशी दिलेला आकडा लिहितो आणि ताईंची सही घेतो. त्यांनीही ते आनंदाने मान्य केले. पावत्यांवर भरवसा ठेवता येत नाही, कारण त्या कागदावरची अक्षरे उष्णतेने पुसट होतात. पत्र्याच्या छपराखाली तारेला टोचून ठेवलेल्या माझ्या मार्चच्या पावत्या मे महिन्यात कोऱ्या झाल्या होत्या.

दुसरी गोष्ट यूपीआयची आहे. आता निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके क्यूआर कोडवर पैसे देतात, त्यामुळे संध्याकाळी गल्ल्यात रोकड कमी असते. अशा वेळी पिग्मीची रक्कम पतसंस्थेच्या नावाच्या क्यूआर कोडवरच भरावी. अभिकर्त्याच्या स्वतःच्या क्रमांकावर, तो माणूस कितीही विश्वासाचा असला तरी, एक रुपयाही पाठवू नये, कारण उद्या वाद झाला तर तो व्यवहार तुमचा आणि त्या व्यक्तीचा ठरेल आणि संस्था हात वर करेल.

सुरक्षिततेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि खाते उघडताना तो मला कोणीही सांगितला नाही. बँकेतल्या ठेवींना, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते, आणि तिच्यातल्या ठेवींना हे विमा संरक्षण लागू होत नाही. बहुराज्यीय पतसंस्थांचीही स्थिती हीच आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे यापेक्षा ‘बँक’ हा शब्द तिथे आहे की ‘पतसंस्था’, हे पाहणे गरजेचे आहे. माझ्या संस्थेचा लेखापरीक्षण वर्ग ‘अ’ आहे, वार्षिक अहवाल मागितल्यावर मिळतो, आणि थकीत कर्जाचा आकडा मी दर वर्षी त्यात शोधतो; तरीही आता मी तिच्यात मोठी रक्कम वर्षभर ठेवत नाही.

त्यावर मी काढलेला उपाय असा. २०२४ च्या जुलैत, सहा महिने पूर्ण होताच, मी हंगामाची सगळी रक्कम काढली आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेत सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकली. तिथे मला ६ टक्के मिळाले. पिग्मीचे व्याज ४ ऐवजी २ टक्क्यांनी मिळाल्याने थोडे नुकसान झाले, तरी दोन्हींची बेरीज वर्षभर पिग्मीत ठेवण्यापेक्षा हजाराच्या आतच पण जास्त निघाली. मुख्य म्हणजे दीड लाखाची रक्कम विम्याच्या छताखाली गेली आणि डिसेंबरपर्यंत हाताशी नसल्यामुळे दसरा-दिवाळीत खर्चून जाण्याचा धोकाही टळला. पैसे गोळा करण्यासाठी पिग्मी आणि गोळा झालेले ठेवण्यासाठी बँक, अशी वाटणी मी त्यानंतर कायम केली आहे.

पहिल्या वर्षाच्या शेवटी मी दुसरे कार्डही उघडले. त्यात रोज १०० रुपये जातात आणि ते फक्त जीएसटी आणि दुकानभाड्यातली वाढ यांसाठी असतात. मी जीएसटीच्या कंपोझिशन या छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या योजनेत असल्यामुळे मला विक्रीवर १ टक्का कर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत भरावा लागतो, आणि उशीर झाला तर वार्षिक १८ टक्के व्याज पडते. एप्रिल ते जून ही माझी सर्वांत मोठ्या विक्रीची तिमाही असते आणि तिचा कर १८ जुलैला, म्हणजे नेमका मंदीत, भरायचा असतो. पूर्वी त्या कराचे पैसे मी पत्र्यात घालत असे आणि जुलैत मित्रांकडे हात पसरत असे. वर्षाचे हे कार्ड जानेवारीत पुरे होते, त्यातली रक्कम मी वेगळ्या बचत खात्यात ठेवतो आणि जुलैचा कर त्यातून जातो.

पिग्मी घेतली की कर्जाची दारेही उघडतात, हे मात्र प्रत्येकाने ओळखून असावे. खाते सहा महिने नीट चालले की शाखेतून फोन येतो: कार्डावर ८० टक्के कर्ज घ्या, दर १३ टक्के. आपलेच पैसे ४ टक्क्यांनी देऊन १३ टक्क्यांनी परत घेण्यात काय हित आहे, हे मला समजलेले नाही. त्यापेक्षा मुदतीआधी पैसे काढून व्याजावर पाणी सोडणे परवडते. त्याहून जास्त जपावे ते जामीनदारकीला. सभासद झालो की ओळखीचा एखादा ‘भाऊ, फक्त सही पाहिजे’ म्हणत येतो. भारतीय करार अधिनियमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सहकारी संस्था वर सांगितलेल्या १९६० च्या अधिनियमातल्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवून थेट जामीनदाराच्या मालमत्तेपर्यंत पोहोचू शकते. आमच्या ओळीतल्या एका शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्या सज्जन माणसाने स्वतःसाठी आयुष्यात कर्ज घेतले नाही, आणि तो आज दुसऱ्याचे हप्ते भरतो आहे. मी नाही म्हणायला शिकलो तो त्यांच्याकडे पाहून.

तुलनेसाठी दुसरी एक सेवा सांगणे आवश्यक आहे, कारण तीही रोज थोडे थोडे घेते आणि म्हणून पिग्मीसारखीच निरुपद्रवी भासते. गेल्या फेब्रुवारीत एका ॲपवर मला १ लाख रुपयांचे ‘व्यापारी कर्ज’ दोन मिनिटांत मंजूर झाल्याचे दिसले. परतफेड सहा महिन्यांत १,१५,००० रुपये, रोजच्या विक्रीतून आपोआप कपात. पाहताना ते १५ टक्के वाटते. परंतु पहिल्या दिवसापासून मुद्दल फिटत जाते, म्हणजे सरासरीने माझ्या हाती ५०,००० रुपयेच राहणार आणि तेही अर्धेच वर्ष. त्यावर १५,००० व्याज म्हणजे वर्षाचा दर ५० टक्क्यांच्या वर जातो. वरून २ टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापून हातात ९७,६४० रुपयेच येणार होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा मुदत कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे आणि त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो एक आकडा वाचल्याशिवाय कोणीही अंगठा टेकवू नये. मी तो वाचला आणि ॲप काढून टाकले.

कर्ज कधीच घेऊ नये, असे माझे मत नाही. पत्रा वाकवण्याचे यंत्र मी मुद्रा योजनेतल्या कर्जावर घेतले. ५०,००० रुपयांपर्यंत ‘शिशु’ आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ या गटांत ते विनातारण मिळते. यंत्र दहा वर्षे चालणार आहे, त्याचे हप्ते तीन वर्षांत फिटतील. चार महिन्यांत विकून संपणाऱ्या मालासाठी मात्र मी पुन्हा कर्ज किंवा उधारी घेणार नाही.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर या सेवेला मी साडेतीन देईन. दीड गुण कमी केला तो विमा संरक्षण नसल्याबद्दल, ते खाते उघडताना सांगितले गेले नाही त्याबद्दल आणि तक्रारीच्या ढिसाळ व्यवस्थेबद्दल. मासिक पगार मिळणाऱ्या माणसाने पिग्मीच्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी बँकेची आवर्ती ठेव अधिक लाभाची आहे. चहाटपरी, भाजी, पोहे, सलून, पंक्चर, शिवणकाम, ज्यांच्या हातात रोज थोडी रोकड येते आणि रोजच निसटते, त्यांना मी ही सेवा मनापासून सुचवीन.

ताईंविषयी शेवटचे लिहितो. त्यांना पगार नाही. गोळा केलेल्या रकमेवर टक्केवारी मिळते आणि पेट्रोल त्यांचे स्वतःचे. ज्या दिवशी माझी विक्री शून्य असते त्या दिवशीही त्या दुकानासमोर थांबतात, आणि मी मान हलवली तर ‘पन्नास तरी टाका भाऊ, खंड नको’ एवढेच म्हणतात. गेल्या पावसाळ्यात त्या आजारी पडल्या आणि बारा दिवस कोणी आले नाही. संस्थेने बदली माणूस पाठवला नाही. शाखेत जाऊन भरायला गेलो तर दुपारी दोननंतर पिग्मीचा भरणा घेत नाहीत, असे कळले. त्या बारा दिवसांत माझ्याकडून एक रुपयाही बाजूला पडला नाही, आणि तेराव्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी २०० ऐवजी ५०० रुपये दिले.